सतरा नंबरच्या डब्यातला उंदीर

मी एक उंदीर. तुमच्या कपाटामागे खुडबुड करणारा नव्हे. मी पांढरा, लाल डोळ्यांचा, प्रयोगशाळेत जन्मलेला. रस्ता, गटार, धान्याचं पोतं, मांजर यांतलं मी काहीच पाहिलेलं नाही.

माझा जन्म एका फुग्यात झाला. खाटेएवढा, जाड पारदर्शक प्लास्टिकचा फुगा. आत येणारी हवा गाळून घेतलेली. दाणे आणि पाणी वाफेवर शुद्ध केलेलं. आमच्या अंगावर किंवा पोटात एकही जिवाणू असता कामा नये, म्हणून हा सगळा खटाटोप. तुमच्या पोटात म्हणे कोट्यवधी जिवाणू गुण्यागोविंदानं नांदतात. आमच्या पोटात नुसता शुकशुकाट. रिकाम्या घराला ओल यावी तसं माझं आतडं एका बाजूला फुगून बसलं होतं.

फुग्याच्या भिंतीला रबरी हातमोजे जोडलेले होते. बाहेरून कुणी त्यांत हात घातला, की तो हात आमच्या जगात यायचा. बहुतेक वेळा ते हात मावशींचे असत. मावशी म्हणजे प्राणिगृह सांभाळणाऱ्या बाई. वय एक्कावन्न, नोकरी बावीस वर्षांची. भुसा बदलायचा, दाणे भरायचे, बाटल्या धुवायच्या, आणि हे सगळं उभ्यानं. काम करता करता त्या आमच्याशी बोलत.

"ऐकलं का रे," एका सकाळी त्या म्हणाल्या, "मला साखर निघाली. जाऊबाई म्हणाल्या, आणखी खा गोड! आमचे हे म्हणाले, तोंडावर ताबा नको का? अरे, पाच वर्षं चहासुद्धा बिनसाखरेचा पितेय मी."

आम्ही दाणे कुरतडत राहिलो. दुसरं काय करणार?

त्याच सुमाराला मॅडमनी नवा प्रयोग मांडला. मॅडम म्हणजे संशोधक, मावशींच्या मुलीच्या वयाच्या. काही निरोगी माणसांच्या आणि काही मधुमेही माणसांच्या पोटातले जिवाणू आमच्या पोटात सोडायचे, आणि आमच्या साखरेचं काय होतं ते पाहायचं. त्यासाठी शौचाचे नमुने हवे होते. मावशींनी आपण होऊन दिला. डबी पुढे करताना म्हणाल्या, "हसू नका हं मॅडम. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी हे मागून घेतंय."

मॅडम हसल्याच. डबीवर नाव नव्हतं, फक्त सतरा हा आकडा होता.

मला नि माझ्या तीन भावांना एका डब्यात ठेवलं, डब्यावर चिठ्ठी लावली: सतरा. मग घशातून बारीक नळी घालून काहीतरी पातळ पोटात सोडलं. काही दिवसांतच आत वर्दळ सुरू झाली. फुगलेलं आतडं आकसलं, पोट हलकं झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आमचे दाणे शेजारच्या फुग्यातल्या, निरोगी माणसाचे जिवाणू दिलेल्या अठरा नंबरच्या डब्यासारखेच होते, मोजून तेवढेच. भुसा तोच, पाणी तेच. तरी काही आठवड्यांनी शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेतला, तेव्हा आमची साखर अठरावाल्यांहून जास्त निघाली. पुढच्या खेपेला पुन्हा तसंच झालं. मॅडम आकडे वाचत होत्या, मावशी लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्या थांबल्या.

"मॅडम, सतरा म्हणजे मी."

मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला हे कळायला नको होतं, मावशी. चूक माझीच."

"यांनी तर जन्मात गोड चाखलं नाही. मग मला घरात का बोल लावतात?"

"लावायला नकोच. पण मावशी, जिवाणू हे एक कारण असेल, एकटं नव्हे. आईवडिलांकडून येतं, वय असतं, झोप असते. आणि हे उंदीर आहेत. माणसांचंही असंच असेल का, ते अजून ठाऊक नाही. तुम्ही गोळ्या चालू ठेवा."

मावशींनी मान डोलावली. पण त्यांच्या मनात 'जिवाणू हे एक कारण' एवढंच रुतलं आणि पुढचं वाऱ्यावर गेलं. चार दिवसांनी भुसा बदलताना त्यांनी मला कानात सांगावं तसं सांगितलं, "चांगल्या जिवाणूंची पूड मिळते, जाहिरात पाहिली. रोज दोन चमचे घेते. गोळ्या बंद केल्यात. कुणाला बोलू नकोस."

मी कुणाला बोलणार होतो! बोलता आलं असतं तर मी आधी मॅडमना हाक मारली असती.

मावशी सुकत चालल्या. त्यांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या संपत, आणि दर थोड्या वेळानं त्या बाहेर जात. डब्यांवरच्या चिठ्ठ्या डोळे जवळ नेऊन वाचत. मग एक दिवस त्या चालल्या तिथं फरशीवर काळपट ठसे उमटू लागले. फुटलेल्या बाटलीची काच चप्पल भेदून पायात घुसली होती. त्या मात्र आम्हाला दाणे घालत होत्या, गुणगुणत होत्या. पायाला कळतच नव्हतं. मी प्लास्टिकला पंजे घासले, गोल गोल धावलो. "आज फार मस्तीत आहेस!" एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. बदली माणूस आला. काम चोख, पण तोंडातून शब्द नाही. मग एका दुपारी मावशींचे यजमान रजेचा अर्ज घेऊन आले आणि फुग्याशेजारी मॅडमसमोर उभे राहिले.

"पायाची दोन बोटं काढली," ते म्हणाले. "डॉक्टर विचारतात, गोळ्या कधीपासून बंद? मला ठाऊकच नव्हतं. जेवायला बसली की मी टोमणे मारायचो. मग तिनं मला काही सांगणंच सोडलं."

मॅडमनी अर्ज घेतला. "मीही त्यांना नीट बसवून समजावलं नाही," त्या म्हणाल्या. "घाईत होते." ते गेल्यावर बराच वेळ त्यांनी कुठल्याच डब्याला हात लावला नाही.

आज प्रयोग संपला. आम्हाला फुग्यातून बाहेर काढलंय. समोर काचेची पेटी आहे, तिला नळी जोडलेली. तिच्यातल्या वायूनं आधी झोप लागते, असं मॅडम सांगत होत्या. मग आमची आतडी तपासणार. रजा शिल्लक असतानाही मावशी आल्यात, पायाला जाड पट्टी.

"मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

"नको. सतरा माझा आहे, मीच आणते. गोळ्या घेतेय आता, काळजी करू नका. आणि आत काय सापडतं ते सगळं सांगा मला. सावकाश सांगा."

माझे दोन भाऊ पेटीत गेले. आता मी मावशींच्या हातात आहे. त्यांचा आजार मला मिळाला म्हणून माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी मुद्दाम दिला नाही, त्यांनाही कुणी विचारून दिला नव्हता.

मागायचं ते आताच मागतो. मावशी मघापासून पट्टीच्या पायावर उभ्या आहेत. या खोलीत एकच खुर्ची आहे, आणि तिच्यावर आमच्या आकड्यांचे कागद ठेवलेत. कुणीतरी ते कागद उचला.