सहा अंश

धाकटी त्या केंद्रात पहिल्यांदा गेली ती थोरलीचा विसरलेला डबा द्यायला. तरुण उद्योजकांसाठी तिथे सहा महिन्यांचा कार्यक्रम होता आणि त्याचा अर्ज थोरलीने महिनाभर लिहिला होता. तीनदा खोडून चौथ्यांदा पक्का केला होता. धाकटीने डबा टेबलावर ठेवला, केंद्र चालवणाऱ्या बाईंशी दहा मिनिटं गप्पा मारल्या आणि जाता जाता फॉर्म भरून टाकला. दोघींची निवड झाली. आई म्हणाली, "बरं झालं, एकमेकींना सोबत." थोरलीला सोबत नको होती. एक तरी जागा अशी असावी, जिथे आपल्याला कुणी "तिची बहीण" म्हणणार नाही, एवढंच तिला हवं होतं.

पदार्थविज्ञानाची पदवी थोरलीकडे होती. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती उरलं ते खाली घरात दाखवणारं यंत्र तिने बनवलं होतं. धाकटी शिवणकाम करायची. तिने पत्र्याच्या मोठ्या डब्यात लहान डबा बसवला, मधल्या पोकळीत शिंप्यांकडच्या चिंध्या ठासून भरल्या आणि घरोघर लस द्यायला जाणाऱ्या नर्सबाईंसाठी खांद्याला अडकवायची थंड पेटी तयार केली. यंत्र पाहून बाई म्हणाल्या, "अचूक आहे." पेटी पाहून म्हणाल्या, "अगं, आण इकडे," आणि ती स्वतःच्या खांद्याला अडकवून खोलीभर मिरवल्या. तो फेरा थोरलीच्या डोळ्यांत चार महिने सलत होता.

कार्यक्रम संपला की एकालाच वर्षभर कामाची खोली मिळायची, अवजारांसकट. थोरली घरी ओट्याच्या कोपऱ्यावर वायरी जोडायची आणि कुकर लावायची वेळ झाली की सगळं गोळा करून उठायची. ही खोली मिळाली नाही, तर यंत्र त्या ओट्यावरच मरेल हे तिला ठाऊक होतं. दहा जणांतून शेवटी उरल्या दोघीच: ती आणि धाकटी.

केंद्राची एक रीत होती. प्रत्येकाची वस्तू दुसऱ्याने तपासायची आणि अहवाल सगळ्यांसमोर वाचायचा. ज्याची वस्तू असेल त्याने फक्त एक प्रश्न विचारायचा, जास्त नाही. कोण काय तपासणार ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. थोरलीने उचललेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, पेटी.

"घरातलंच माणूस आहे. चिठ्ठी बदलू या का?" बाईंनी विचारलं.

"कशाला, बाई?" धाकटी म्हणाली. "ताई माझी बाजू घेईल म्हणून? लहानपणी हिने मला चॉकलेटसुद्धा पट्टीने मोजून दिलंय."

सगळे हसले. थोरली नुसते दात दाखवून हसली.

अट साधी होती. पेटीतलं तापमान आठ तास आठ अंशांच्या आत राहायला हवं. थोरलीने सुरुवात थर्मामीटर तपासण्यापासून केली. केंद्राच्या फ्रीजरमधून बर्फाचे खडे काढले, वाटीत ओतले आणि थर्मामीटरचं टोक त्यांत खुपसलं. बर्फ म्हणजे शून्य. थर्मामीटरने दाखवलं उणे सहा. म्हणजे हा सहा अंश कमी दाखवतो. प्रत्येक आकड्यात सहा मिळवायला हवेत. मग पेटीत बर्फ भरून थर्मामीटर आत ठेवला आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, दर अर्ध्या तासाने तिने नोंद घेतली. पाच वाजता आकडा होता साडेसहा. त्यात सहा मिळवले, साडेबारा. पेटी नापास.

एरवी असा आकडा तिने तीनदा पडताळला असता. मागच्या भिंतीवर दुसरा थर्मामीटर टांगलेला होता, नुसती मान वळवायची होती. पण हवं ते उत्तर हाती आलं की मान वळत नाही. तिने अहवाल सुवाच्य अक्षरात लिहिला, खाली सही केली आणि त्या दिवशी जेवताना दोनदा भाजी मागून घेतली. "आज स्वारी खुशीत," आई म्हणाली.

अहवाल वाचायच्या दिवशी आधी थोरलीच्या यंत्राची पाळी आली. ते तपासलं होतं दहा जणांतल्याच एका बेकरीवाल्याने. तो म्हणाला, "खोट नाही. शोधायला मी टाकीत उतरलो होतो, नुसताच भिजून वर आलो." मग पेटीचा अहवाल वाचला गेला. धाकटीने आपली वही पुढे ओढली.

"तुझा एक प्रश्न," बाई म्हणाल्या.

थोरली तयारीत होती. मुद्दाम केलंस का, जळतेस का माझ्यावर, काहीही विचारू दे. उत्तरं पाठ होती.

"थर्मामीटर तपासला होतास ना, ताई?"

"हो. बर्फात."

"मग झालं. चिंध्याच कमी पडल्या असणार," धाकटी म्हणाली आणि वहीत तसं लिहून घेऊ लागली.

थोरलीच्या तोंडात तो शब्द तसाच राहिला. बर्फात. कुठल्या बर्फात? फ्रीजरमधल्या, कोरड्या. बर्फाचं तापमान शून्य असतं ते पाण्यात वितळताना. फ्रीजरमधून नुकताच काढलेला खडा कितीतरी जास्त थंड असतो. नववीतल्या धाकटीला हे तिनेच शिकवलं होतं. थर्मामीटर बरोबर होता. साडेसहा म्हणजे साडेसहाच.

कुणाला कळलं नव्हतं, कळणारही नव्हतं. बाई खोलीची किल्ली काढायला वळल्या होत्या. थोरलीला बहिणीची दया आली म्हणावं, तर तसंही नाही. ती अजून जळतच होती. पण तो साडेबारा तिच्या अक्षरात, तिच्या सहीनिशी केंद्राच्या कपाटात कायमचा पडून राहणार होता. धाकटीकडे बोलणं होतं, हसणं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याची माया होती. थोरलीकडे एकच गोष्ट होती, तिचा आकडा चुकत नाही. आता तीही धाकटीपायी घालवायची?

"बाई, थांबा," ती म्हणाली. "अहवाल चुकलाय. चूक माझी आहे."

तिने ग्लासात बर्फ घेतला, पाणी ओतलं, ढवळलं आणि थर्मामीटर बुडवला. बाकीचे सगळे टेबलाभोवती जमले. चार. दोन. एक. मग शून्याशी येऊन आकडा थांबला तो हलेचना. तिने अहवालातल्या प्रत्येक ओळीतले सहा अंश सगळ्यांसमोर काढून टाकले. पेटी पास झाली. आता दोन्ही वस्तू पास, म्हणजे निवड बाईंच्या हाती.

"याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण," बेकरीवाला पुटपुटला. बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि किल्ली धाकटीच्या हातावर ठेवली.

खोली जिन्याच्या वर होती. धाकटीने थोरलीला दंडाला धरून वर नेलं आणि दार उघडलं. आत एक लांबलचक टेबल होतं.

"अर्धं तुझं," ती म्हणाली.

"मला नको तुझं अर्धं."

"का? तुझे फ्रॉक, तुझं दप्तर, तुझी खुणा केलेली पुस्तकं, सगळं तुझं उरलेलंच वापरत आले ना मी? आणि वर शाळेत प्रत्येक बाई म्हणायच्या, थोरलीसारखं अक्षर काढ. मी मेले नाही त्याने. तूही मरणार नाहीस."

धाकटीलाही कधी असं काही सलत असेल हे थोरलीच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. तिने टेबल वितीने मोजलं. तेरा विती भरलं. मधोमध खडूने रेघ मारली.

"खिडकीकडची बाजू कुणाची?" तिने विचारलं.

"घे तू."

थोरलीने आपली पिशवी खिडकीकडे ठेवली खरी, पण तिचा जळफळाट काही कमी झाला नाही. निदान खिडकीसाठी तरी या मुलीने भांडायला हवं होतं.