कोंडीरामचं नाक

मित्रांनो, अत्तराची बाटली म्हटलं की तुम्हाला वाटत असेल, आता ही गोडगोड बोलणार. नाही बोलणार. मी रागात आहे आणि रागातच सांगणार आहे. ऐकायचं असेल तर बसा.

मी बोटाएवढी आहे. तपकिरी काच, काचेचंच बूच, गळ्याशी एक टवका उडालेला. माझा जन्म तळेगावच्या भट्टीतला. तापून लाल झालेली काच साच्यात सोडली, वरून हवा फुंकली, आणि मी झाले. मग गवत भरलेल्या पेटीत बसून, बहिणींच्या खांद्याला खांदा लावून, ट्रकनं चिंचवडला आले.

कंपनी वासाची होती. साबणाला, केसांच्या तेलाला, उदबत्तीला जो वास लागतो, तो तिथं ड्रमात बनायचा आणि पुढं दुसऱ्या कंपन्यांना जायचा. कंपनीचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, तीच तेवढी वाईट. तसं नसतं.

मी नमुन्याची बाटली. ड्रम तयार झाला की त्यातलं चमचाभर माझ्यात भरायचं, तपासायचं, मग मला स्पिरिटनं खळखळून धुवायचं. आज गुलाब, उद्या वाळा, परवा लिंबू. माझा स्वतःचा वास कुठला, मला माहीत नाही.

तपासायचं काम कोंडीरामकडं होतं. पिंपरीच्या वस्तीत दोन खोल्यांत राहणारा, सायकलवर येणारा, कमी बोलणारा माणूस. कंपनीत भरती झाला तो ड्रम ढकलायला. पण त्याचं नाक तल्लख निघालं म्हणून त्याला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तो सगळ्यांना "जयभीम" करायचा आणि सरळ कामाला लागायचा. मला हातात धरायचा तेव्हा अंगठा माझ्या पोटावर असायचा, गळ्यावर नाही. गळा नाजूक असतो हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आता वास काही नुसता हुंगून कळत नाही. बूच उघडल्यावर सगळेच वास छान असतात. अंगावर, कपड्यावर, स्वयंपाकाच्या धुरात, घामात तो सकाळपर्यंत राहतो का, हे बघावं लागतं. ते टेबलावर होत नाही, घरीच होतं. म्हणून साहेबांनीच कोंडीरामला सांगितलं होतं, नमुने घरी घेऊन जा, घरच्यांना लावायला दे, सकाळी येऊन सांग.

मित्रांनो, ते दिवस चांगले होते. तेवढे मी कबूल करते.

संध्याकाळी कोंडीराम डब्याच्या पिशवीतून आम्हा बाटल्यांना बाहेर काढायचा आणि घर गोळा व्हायचं. त्याची आई चिमाबाई कापसाचा बोळा करून कानात खोचायची, जुन्या लोकांसारखा. बायको गिरजाबाई पदराच्या टोकाला लावायची. पोरगी नीला कोपराच्या आतल्या बाजूला लावायची, कारण तिथला वास शाळेतल्या बाईंना येत नाही.

"काय म्हनतंय नाक?" कोंडीराम विचारायचा.

"ह्यो वास म्हंजी लग्नाला न बोलवता आलेला मामा हाय," चिमाबाई सांगायची. "आल्या आल्या समद्यांच्या गळ्यात पडतो. जेवान झालं की गायब."

"म्हंजी टिकत न्हाई?"

"मग मी काय म्हनले?"

"माझ्या पदराला हाय अजून," गिरजाबाई म्हणायची. "पर सारखा कांद्याशी भांडतोय."

"कोन जिंकलं?"

"कांदा."

कोंडीराम सकाळी जाऊन हे जसंच्या तसं सांगायचा. साहेब हसायचे, पण कागदावर घ्यायचे, आणि खरंच त्यात काहीतरी घालून वास घट्ट करायचे. गिरजाबाईच्या पदरावरून पास होऊन गेलेला तेलाचा वास पुढं किती बायकांच्या डोक्यावर गेला असेल. त्यांना काय माहीत?

मग तो उन्हाळा आला.

गोडाऊनमध्ये कच्च्या मालाचे ड्रम ओळीनं उभे असायचे. एक दिवस त्यातला एक गळायला लागला. दार उघडलं की डोळ्यांतून पाणी. जमीन सगळीकडं ओली, त्यामुळं कुठला ड्रम गळतोय ते दिसेना. सुपरवायझर होते बबनराव. जुन्या गावातले, शेतकरी घरातले. त्यांची जमीन कंपनीत गेली, त्याबदल्यात ही नोकरी. वाईट माणूस नव्हता, पण वरून काही आलं की ते खाली ढकलायची सवय लागली होती.

"कोंडीराम," बबनराव म्हणाले, "तुझ्या नाकाला कळंल कुठला त्यो. जा बरं आत."

मास्क नव्हता. ओला टॉवेल दिला.

आता तुम्हीच सांगा. नाकावर टॉवेल बांधून वास कसा घेणार? कोंडीरामनं टॉवेल खाली ओढला आणि एकेका ड्रमाजवळ जाऊन हुंगत गेला. मी त्याच्या शर्टाच्या खिशात होते. त्याची छाती कशी धडधडत होती ते काचेतून कळत होतं. ड्रम सापडला. त्यानं बूच आवळलं आणि बाहेर येऊन भिंतीला धरून बसला. बबनरावांनी पाठीवर थाप मारली. "बघा, ह्याला म्हंत्यात नाक."

पुढं कितीतरी दिवस त्याच्या नाकातून घशापर्यंत आग होत होती. कंपनीच्या डॉक्टरनं मान वर न करता सांगितलं, सर्दी आहे. गोळ्या दिल्या. आग हळूहळू थांबली. आणि आगीबरोबर सगळंच थांबलं.

घरी ते आधी कुणालाच कळलं नाही. कळलं ते दुधामुळं. गिरजाबाई नळावर गेली होती. स्टोवर दूध होतं. ते उतू गेलं, करपलं, त्याचा वास गल्लीत पार टोकापर्यंत गेला. ती पळत आली तर कोंडीराम स्टोकडं पाठ करून चपलेचा अंगठा शिवत बसलेला.

"अवो, वास न्हाई आला?"

"कसला?"

मग तिनं मला उघडलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं. माझ्यात त्या दिवशी मोगरा होता, उग्र, डोकं उठवणारा. तो म्हणाला, "पानी हाय का ह्यात?"

"कवापासनं हे?"

"त्या ड्रमापासनं."

"आन् सायबाला सांगितलं?"

"खुळी का काय तू? सांगितलं तर घरी बसवतील. तपासनीच्या माणसाला नाकच न्हाई म्हनल्यावर ठेवतील कशाला? कुनाला बोलायचं न्हाई. आईलाबी तसंच सांग."

इथं मला पहिल्यांदा राग आला. कंपनीचा आलाच, कोंडीरामचाही आला. ज्यांनी नाक घेतलं त्यांच्यापासूनच तो लपवत होता, जणू चोरी यानंच केली होती.

त्यानंतर त्या घरातल्या संध्याकाळी बदलल्या. गंमत संपली, शाळा सुरू झाली. आता त्या तिघी हुंगायच्या आणि कोंडीराम त्यांचं सांगणं पाठ करायचा. आणि काम निम्म्यावर आलं नव्हतं, वाढलंच होतं, कारण साहेबांना कोंडीरामचं सांगणं पटायला लागलं होतं. गिरजाबाईचं डोकं दुखायचं. चिमाबाई कानातला बोळा बदलून बदलून वैतागायची. जास्त भार पडला नीलावर, कारण तिची आठवण चांगली.

"दादा, सहा नंबर कसा?" तिनं एकदा बापाला विचारलं.

"गुलाब. पान्यातला."

"पाण्यातला चार नंबर. सहा नंबर वाळलेला. वहीत ठेवल्यासारखा."

"मग एकदाच नीट सांगता येत न्हाई व्हय तुला?"

"तीनदा सांगितलं."

"तोंड वर करून बोलती का?" त्याचा हात उठला. पडला नाही, पण उठला. नीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिनं ते पुसून पुन्हा म्हटलं, "सहा नंबर वाळलेला." मग तोच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. त्याला पोरीचा राग नव्हता आला. ज्याचा आला होता, तिथपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता.

मित्रांनो, मी काच आहे. मला रडता येत नाही, ओरडता येत नाही. मी नुसती तापले.

असं वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा ड्रम गळला. पुन्हा तेच गोडाऊन, तीच ओली जमीन. तोपर्यंत तिथं ना मास्क आला होता, ना पंखा. बबनराव टेबलापाशी आले. त्यांच्यामागं भिवा होता, नवीन लागलेला, मिसरूड फुटलेला पोरगा, हातात ओला टॉवेल.

"कोंडीराम, चल. आन् ह्या भिवालाबी घेऊन जा. तुझ्यागत नाक तयार होऊंदे त्याचं."

मी तेव्हा कोंडीरामच्या हातात होते. त्याच्या अंगठ्याला घाम सुटला. इतकी वर्षं त्याच्या हातात राहिले, पण असा घाम मला ठाऊक नव्हता. आत गेला असता तर त्याला ड्रम सापडला नसता. मग भिवानं टॉवेल खाली ओढला असता. हे त्यालाही कळलं, मलाही कळलं. त्यानं मला खिशात ठेवलं.

"बबनराव, मला वास येत न्हाई."

"सर्दी झाली का?"

"न्हाई. माझं नाक गेलंय. गेल्या साली ह्याच गोडाऊनमधी गेलं."

मशिनी चालू होत्या, तरी आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू गेलं. बबनरावांचा चेहरा उतरला. मग त्यांना काहीतरी सुचलं आणि तो पुन्हा कडक झाला.

"मग वर्षभर रिपोर्ट कोन देत हुतं?"

"आमची म्हातारी. बायको. पोरगी."

"म्हंजी कंपनीला फसवत हुता तू."

"व्हय. आन् कंपनी मला. पर ह्या पोराला आत धाडू नका."

बबनराव भिवाकडं वळले. "तू निघ रं. त्याचं ऐकू नगंस."

भिवानं टॉवेल पिळला, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवला. "मला बी घरी नाक लागतंय, बबनराव," तो म्हणाला. मागून कुणीतरी हसलं. पण कुणी पुढं झालं नाही.

शेवटी काय केलं, ऐका. गोडाऊनच्या मागचे दोन पत्रे काढले. हवा खेळली. जमीन वाळू दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर बघितलं, तर ज्या ड्रमाखाली ओल होती तो गळत होता. झालं. नाकाची गरजच नव्हती. पहिल्या वेळीही नव्हती. फक्त थोडं थांबायचं होतं. एवढं थांबायला लागू नये म्हणून एका माणसाचं नाक घेतलं. मला राग का येतो, कळलं आता?

कोंडीरामला काढून टाकलं. कारण लिहिलं, खोटे रिपोर्ट दिले. गेटवर पिशवी तपासली, डबा तपासला, खिसा कुणी बघितला नाही. म्हणून मी त्याच्या घरी आले ती कायमची. भिवा एकदा घरी येऊन सांगून गेला की गोडाऊनच्या दाराशी आता मास्क टांगलेत. का टांगलेत, ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

महिनाभरानं बबनराव घरी आले. स्वतः, संध्याकाळी, डोक्याला टोपी. गिरजाबाईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला नाही.

"मोठं सायब म्हनत्यात," ते म्हणाले, "नव्या मानसाला काय ते जमंना. तुमच्या घरच्यांचं सांगनं बराबर असायचं. तवा नमुने हितं पाठवतो. बाटलीमागं पैसे. कोंडीरामला परत घेता यायचं न्हाई, पर तुमची चूल चालंल."

कोंडीराम खाली बघत होता. घरात डब्याच्या तळाला पीठ लागलं होतं हे मला माहीत होतं, मी त्याच फळीवर होते. तो "हो" म्हणेल असंच मला वाटलं. पण बोलली गिरजाबाई.

"करू की. आमाला कामाची लाज न्हाई. पर आधी एक कागद लिवून द्या."

"कसला?"

"ह्यांचं नाक कंपनीच्या कामावर असताना गेलं, असा."

"तसं लिवता येत न्हाई, वैनी."

"का? खोटं हाय?"

"खोटं न्हाई. पर मी लिवलं तर माझी नोकरी जाईल. मलाबी काय फुकट मिळाली न्हाई ती. माझी सोन्यासारखी जमीन गेली कंपनीत."

इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली चिमाबाई पुढं सरकली.

"जिमिनीचा कागद मिळाला का न्हाई तुमाला, बबनराव?"

"मिळाला."

"सही-शिक्क्याचा?"

"व्हय."

"मग नाकाचाबी द्या."

बबनरावांनी डोक्यावरची टोपी नीट केली. मग उठले. कोंडीराम दारापर्यंत गेला त्यांना सोडायला. चहावर जाड साय धरली होती. गिरजाबाईनं तो कप उचलला आणि मोरीत ओतला.

कागद आला नाही. नमुनेही आले नाहीत. त्या घरानं ते वर्ष कसं काढलं ते सांगत बसले तर रात्र व्हायची. कोंडीराम आता भोसरीच्या एका वर्कशॉपात वॉचमन आहे. गिरजाबाई शाळेत पाणी भरते. नीला कॉलेजात जाते आणि तिनं कामगारांच्या कोर्टात अर्ज घातलाय. तारीख पडते, पुढची पडते. मी फळीवर रिकामी आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या बाटलीला सांभाळा असं मी म्हणणार नाही. मी फुटले तर तळेगावला दुसरी मिळेल. तुमच्या घरातून जो माणूस रोज डबा घेऊन कामाला जातो, त्याला विचारा. ऐकायला कमी येतंय का, बोट बधिर झालंय का, खोकला कधीपासून आहे. तो म्हणेल काही नाही. तेव्हा त्याच्यावर रागवा, पण विचारायचं सोडू नका. आणि कंपनीचा कुणी माणूस गोड बोलत दारात आला, तर त्याला बसायला द्या, चहा द्या. पण कामाला हो म्हणायच्या आधी लिहून घ्या.