फळ्यावरचे दुसरे वाक्य

रिसोड तालुक्यात, केनवडच्या अलीकडील एका लहानशा गावात, शाळेच्या सातवीच्या वर्गावर रत्नमालाबाईंचा एक नेम चालत असे. फळ्यावरील मजकुरात रोज एक असत्य विधान त्या स्वहस्ते लिहीत. मुलांनी ते हुडकायचे आणि असत्य कसे, हे सप्रमाण दाखवायचे. प्रमाण मिळेपर्यंत ते विधान पुसले जात नसे. शिष्याने ज्ञान स्वतः खणून काढावे, अशी त्यांची श्रद्धा होती. फळ्यापुढे त्या अनवाणीच उभ्या राहत.

त्या भाद्रपदात फळ्यावर विधान होते : ‘सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हा रोग आहे.’ निम्म्या पालकांचाही तोच समज असल्याने मुले शेतांतून रोपे उपटून आणीत होती.

तिसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. त्यांनी ते वाक्य वाचले.

“मॅडम, हे तुम्ही लिहिलंत?”

“हो, साहेब. मुद्दाम लिहिलंय. मुलं त्यातली चूक शोधून—”

“मुद्दाम चुकीचं शिकवता? लेखी खुलासा द्या. आत्ता!”

साहेबांनी फळ्याचा फोटो घेतला. मुख्याध्यापक उदयसिंग बाईंना लगबगीने कार्यालयात घेऊन गेले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

“लिहा, मॅडम. अनवधानाने चूक झाली, क्षमस्व. सही करा अन् मोकळ्या व्हा. नाही त सर्व्हिस बुकात लाल शेरा पडते.”

“पण सर, चूक अनवधानानं झालीच नाही. हे लिहिलं, तर उद्या मुलांना कोणत्या तोंडानं सांगू, शोधा म्हणून?”

“मुलाईचं सोडा, मॅडम. नोकरी तुमची हाय.”

बाईंनी सही केली नाही. त्या वर्गात परतल्या, तेव्हा साहेबांची गाडी निघून गेली होती. बाईंचे वाक्य पुसले गेले होते आणि त्या जागी साहेबांचे ठसठशीत अक्षर होते : ‘सोयाबीनचे पीक मुळांवरील गाठींत आपले अन्न साठवते.’ तेही असत्यच! आणि एकवीस मुले माना खाली घालून ते दहा-दहा वेळा उतरवीत होती.

बाई तडक फळ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“थांबवा ते! करण, हे वाक्य खरं आहे का?”

“सायबानं लिवलं, मॅडम.”

“साहेबांनी लिहिलं म्हणून खरं? माझी चूक धरायला बाकावर चढता, आणि आज एकाचंही बोट वर गेलं नाही! तीन महिने मी इथं काय केलं?”

मागून मंजू उठली. तिच्याही वहीत ते वाक्य दहा वेळा होते.

“मॅडम, मले समजलं होतं.”

“मग तोंड काहून नाही उघडलं?” संतापात बाईंची बोलीही घरची झाली.

“तुमची चूक काढली त तुमी खूश होता. सायबाची काढली असती त तुमाले आखीन एक नोटीस भेटली असती.”

बाईंचा संताप ओसरला नाही. मुलांवरून मात्र हटला.

मंजूने ओल्या फडक्यातून रोप काढले आणि ब्लेडने एक गाठ चिरली. आत लालसर रंग होता.

“साठवण असती त आलूसारखं पांढरं निंघालं असतं. हे पाहा, लाल हाय. अन् आमच्या वावरात ज्या झाडाईले गाठी नाहीत, थेच पिवळे पडून राह्यले. म्हंजे गाठी झाडाले काहीतरी देऊन राह्यल्या. रोग बी नाही, साठवण बी नाही.”

बाई तडक कार्यालयात गेल्या आणि त्यांनी खुलासा लिहिला : ‘फळ्यावर दोन असत्य वाक्ये होती. पहिले मी हेतुपुरस्सर लिहिले. दुसरे तपासणी अधिकाऱ्यांनी लिहिले व मुलांकडून दहा वेळा उतरवून घेतले. दोन्ही असत्य असल्याचे प्रमाण मुलांनी शोधले आहे. बोलवाल तेव्हा मुले रोपासह येऊन ते दाखवतील.’

उदयसिंगांनी वाचून कपाळाला हात लावला. “मॅडम, येड्या झाल्या का? थे दुसरं वाक्य खोडा.”

“शिक्का द्या, सर.”

“या कागदावर शिक्का मी देत नसतो.” त्यांनी शिक्का खणात टाकून खण लावून घेतला.

“तर मग तसाच नेते.”

बाईंनी कागदाची घडी केली आणि धुमसतच त्या साहेबांच्या कार्यालयात जाण्यासाठी रिसोडची बस धरायला निघाल्या.