टिचकीच्या नखावरची रेघ

या मित्रांनो, जरा जवळ सरका. मागे बसलात तर ऐकू येणार नाही, कारण माझा आवाज 'कट्' एवढाच. पण त्या एवढ्याशा आवाजात एक गोष्ट आहे, ती आज तुम्हाला सांगतो. हात मात्र मांडीवर उघडे ठेवा. गोष्ट बोटांची आहे.

मी एक जुना नेलकटर आहे. पोलादाच्या पत्र्यातून ठोकून निघालो, घासून धारदार झालो आणि भावंडांबरोबर एका पुठ्ठ्यावर टाचला जाऊन दुकानाच्या दारात लोंबकळत राहिलो. तिथून मला एका बाईने उचलले. तिच्या कडेवर मूठ चोखणारी तान्ही पोर होती. दुकानदार म्हणाला, "बाळाला हा मोठा होईल, वहिनी."

"होऊ द्या," ती म्हणाली. "बाळही मोठं होईलच की."

त्या पोरीला घरात टिचकी म्हणत. तिचे बाबा खिडक्यांना काचा बसवायचे. पुढची खोली म्हणजेच त्यांचे दुकान. भिंतीला टेकलेल्या काचा, मधे जाड कापड अंथरलेले मोठे टेबल. टिचकी थोडी मोठी झाल्यावर दर रविवारी आई तिला त्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसवी, खाली कागद पसरी आणि मला हाती घेई. सुरुवात करंगळीपासून. नख कापले की प्रत्येक बोटाला ती कामावर धाडी. "करंगळीबाई, तुम्ही कान खाजवा. शेजारीणबाई, तुम्ही तिच्यावर लक्ष ठेवा. उंचाडेबुवा, फळीवरचा डबा काढा. तुम्ही हो, दुसऱ्यांकडे बोट दाखवू नका. आणि अंगठेराव, तुम्ही नुसते हुकूम सोडा!" हात पुरा झाला की बोटांवर एक फुंकर. टिचकी खिदळे.

मग मला पुसत आई म्हणे, "हा आपल्या घरातला सर्वांत गुणी माणूस. बोलतो कमी, काम चोख."

बाबा माप घेता घेता विचारत, "आणि मी?"

"तुमचा दुसरा नंबर."

बघा मित्रांनो, त्या परमेश्वराची करणी कशी आहे! एवढे हळवे शरीर दिले आणि बोटांच्या टोकांना मात्र न दुखणारी वस्तू लावली. का? तर आईला लेकराची नखे निर्धास्त कापता यावीत म्हणून. मला तरी दुसरे कारण दिसत नाही.

मग ताप आला. मायलेकींना एकदमच आला. टिचकीला आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, आपल्या घरी घेऊन गेली. आईला बाबांनी इस्पितळात नेले. टिचकीचा ताप उतरला. आईचा उतरला नाही.

पुढे घरात काही फुटले नाही, काही सांडले नाही. काचा मापात कापल्या जात होत्या, गिऱ्हाइके येत होती. बाबा उभ्यानेच जेवत आणि विचारले त्याला 'हं' म्हणत. मी खणात, सुकलेल्या पुट्टीच्या डब्याशेजारी पडून होतो. मी पोलादाचा. मला वाईट वाटले असे म्हणणार नाही. त्या घरात तेव्हा कुणालाच काही वाटत नव्हते.

आत्या टिचकीला घेऊन राहायलाच आली, म्हणून चूल तरी पेटत होती. तिचे तोंड दिवसभर चालू. "अरे, 'हं' काय 'हं'? गायसुद्धा दोनदा हंबरते!"

"हं," बाबा म्हणत.

टिचकीची नखे पहिल्यांदा आत्यालाच खटकली. खडबडीत, फिकी, आणि प्रत्येक नखावर आडवी खाच. "कुरतडतेस, होय ना?" म्हणून तिने बोटांना कडू औषध फासले. शेजारणीने मिठाच्या पाण्यात बोटे बुडवायला सांगितली, तेही झाले. खाच तिथेच. शेवटी आत्याने मला खणातून काढले. "निदान कापून तरी टाकते."

तेवढ्यात बाबा आले. टिचकीचे बोट त्यांनी उजेडात धरले, खाचेवरून अंगठा फिरवला आणि थबकले. काच कशी कापतात माहीत आहे ना? काचेवर काचकटरने एक बारीक रेघ मारायची आणि अलगद दाब द्यायचा. काच बरोबर त्या रेघेवर तुटते. आयुष्यभर हेच केलेला माणूस तो. त्याने मला आत्याच्या हातातून घेतले आणि परत खणात टाकले.

"नको, ताई. रेघेवर तुटेल."

कितीतरी दिवसांत त्यांनी उच्चारलेले ते पहिले धड वाक्य. आत्याने खण लोटून बंद केला.

नखे वाढत गेली. एका सकाळी स्वेटर घालताना टिचकीचे एक नख लोकरीत अडकले आणि खाचेपासून सुटून हातात आले. ते घेऊन ती बाबांपुढे उभी राहिली.

"बाबा, हे निघालं. दुखलं नाही."

बाबांच्या हातातली पट्टी खाली पडली. तापाने एकीला नेले. आता तो दुसरीला तुकड्यातुकड्याने नेतोय, असेच त्यांना वाटले असावे. चपला न घालताच त्यांनी तिला उचलले. आत्या मागून धावली. 'डॉक्टर कापा म्हणाले तर?' म्हणून तिने मला पिशवीत टाकले होते.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी टिचकीची बोटे खिडकीपाशी नेली.

"नखं खातेस?"

"नाही."

"अंगठा चोखतेस?"

"मी मोठी आहे!"

"बरं बाई, चुकलं माझं." मग त्या मोठ्यांकडे वळल्या. "मुलांची नखं बिघडायला पुष्कळ कारणं असतात. कुणी कुरतडतं, कुणाची बोटं सदा ओली, कुणाला बुरशी होते, पायाला बूट घट्ट होतात. रक्तात लोह कमी पडलं तर नख चमच्यासारखं खोलगटही होतं. पण इथं सगळ्याच बोटांना रेघ आहे. म्हणजे सगळ्यांचं काम एकदमच थांबलं होतं. मागे मोठा ताप येऊन गेला का?"

"हं," बाबा म्हणाले.

"तापात शरीर नख घडवायचं थांबतं. नंतर पुन्हा लागतं कामाला. ही रेघ पुढे पुढे सरकेल आणि कापून निघून जाईल. एखादं नख असं गळेलही, पण खाली नवं आलेलं आहे, बघा. पोर बरी आहे तुमची." त्यांनी अंगठ्यावर बोट ठेवले. "रेघेच्या मागचं नख तापानंतरचं. पुढचं, आधीचं."

"आधीचं म्हणजे..." बाबा वाकून ते नख बघू लागले. "हिची आई असतानाचं?"

डॉक्टरीणबाईंनी आत्याकडे पाहिले. आत्याने पदर तोंडाला लावला.

"हो," बाई हळूच म्हणाल्या.

त्या रविवारी बाबांनी टेबल पुसले, कागद पसरला आणि मला हाती घेतले. त्यांनी इतके थोडे थोडे कापले की माझ्या दातांना काही लागलेच नाही. टिचकीच त्यांना शिकवत होती. "असं नाही बाबा, आधी करंगळीबाईंना काम सांगायचं." बाबांनी सांगितले, पण शब्द उलटसुलट झाले.

रविवारमागून रविवार गेले. रेघ एकेका बोटाच्या टोकाला आली आणि गेली. सर्वांत शेवटी एका अंगठ्याची. तो शेवटचा तुकडा कापल्यावर बाबांनी तो कागदावर पडू दिला नाही. तळहातावर घेऊन बघत बसले. कपाळावरच्या चंद्रकोरीएवढाही नव्हता.

टिचकीने वाकून त्यांच्या तळहातावर फुंकर मारली. तुकडा उडाला. बाबा पटकन खाली वाकले, काचेच्या चुऱ्यात चाचपू लागले. मग थांबले.

"बाबा," टिचकी म्हणाली, "दुसरा हात राहिला."

आणि तेव्हा, मित्रांनो, तो माणूस रडला. रडत रडतच त्याने दुसरा हात हातात घेतला.

आता मी पुसून, खिळ्याला टांगलेला असतो. धार थोडी गेली आहे, पण काम चोख आहे. माझे एवढेच मागणे: लेकरांची नखे कधीमधी उजेडात धरून पाहत जा, आणि काही वेगळे दिसले तर त्यांना रागावण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आणि पुढच्या खेपेला तुमची नखे कापून झाली की बोटांवर एक फुंकर मारा. तेवढ्यापुरती टिचकीच्या आईची आठवण ठेवा.