नळीवरचा हात

उस्ताद आपल्या गॅरेजात स्पोर्ट्स कारच्या एकाच इंजिनाला दोन्ही बसवत, सुपरचार्जर आणि टर्बो. सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो; पाय दाबताच हवा कोंबतो, पण वरच्या वेगाला धापा टाकतो. टर्बो धुराच्या जोरावर फिरणारा. उठायला महाआळशी, एकदा उठला की मात्र कुणाच्या बापाला ऐकत नाही. एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं, आणि नेमकी तेव्हाच मधली झडप उघडायला हवी. तो क्षण उस्ताद हवेच्या नळीवर उजवा तळवा ठेवून ओळखत आणि डावा हात बॉनेटच्या वर उंचावत. आत बसलेली लेक आकडा टिपून घेई. मीटर होतेच, पण बापलेकीचा भरवसा तळव्यावर.

पक्षाघातानंतर ते आज पहिल्यांदाच गाडीपाशी उभे होते. पाय सावरले होते, बोलणं सावरलं होतं. उजव्या हाताचं काही खरं नव्हतं. आज हाताला कळलं तर ठीक, नाहीतर पुन्हा गॅरेजात पाऊल टाकणार नाही, असं त्यांनी घरूनच बजावलं होतं. लेक ते ऐकूनच गाडीत बसली होती. आई गेल्यावर त्या माणसाला गॅरेजखेरीज होतं काय?

गाडी जागच्या जागी चाकं फिरू देणाऱ्या रोलरवर होती. तिने वेग वाढवला. टर्बोने धरलं, काटा उसळला, तरी बाबांचा डावा हात वर येईना. आला तो चांगलाच उशिरा.

खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. "बरोबर धरलंत, बाबा."

दुसऱ्या खेपेला हात फारच आधी आला. ती पुन्हा तेच म्हणाली. बाबा हरखले. आता आणखी स्वच्छ कळेल म्हणत त्यांनी तळवा पुढे सरकवला, थेट टर्बोपाशी.

तिसऱ्या खेपेला जळका वास आला. पट्टा गेला वाटून तिने इंजिन बंद केलं आणि धावत पुढे आली. पट्टा शाबूत होता. तापलेल्या लोखंडावर बाबांचा तळवा निवांत टेकलेला होता आणि ते तिच्याकडे पाहून हसत होते.

तिने त्यांना ओढतच नळाखाली नेलं. कातडी सुटली होती. दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्या हाताकडे बघत राहिले.

"खोटं बोललीस ना?"

"हो."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं वाटून तिला रडू आवरेना.

"पाणी गार आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे, बाबा."

"मग राहू दे थोडा वेळ."