हिरोची माय

नागाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा तिचा नवरा देविदास उमरीत एका दुकानाच्या पायरीवर बसला होता. विहिरीवरची मोटार जळली होती. तिची वायंडिंग भरून घ्यायला त्यानं ती आणली होती आणि मिस्तरी जेवायला गेला होता.

"पप्पा, माय गेली," शिवकन्या म्हणाली.

"गेली ते ठाऊक हाय की. तूच नेलीस ना पिक्चरला."

"दवाखान्यातनं बोलतीया, पप्पा." मग देविदासला कळलं.

शिवकन्या नांदेडला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. थिएटरात बसून एक तरी पिक्चर बघायचा, हे नागाबाईच्या मनात कैक वर्षं होतं. देविदासचं उत्तर ठरलेलं. पेरणी होऊ दे, खुरपणी होऊ दे, सोयाबीन निघू दे. शेवटी पोरीनंच मायला एसटीत बसवून नेलं. मध्यंतराला दिवे लागले, शिवकन्या समोसे आणायला उठली आणि परत आली तर नागाबाईची मान खुर्चीवर कलंडलेली. पोरीनं तिला खुर्च्यांमधल्या वाटेत आडवं केलं आणि कॉलेजात शिकवल्याप्रमाणे छाती दाबत राहिली. भोवती लोक पॉपकॉर्नचे पुडे घेऊन उभे होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, इथं आणायच्या आधीच संपलं होतं.

माती व्हायच्या आधीच भारतदादानं सगळ्या भावकीला बजावलं. भारतदादा म्हणजे देविदासचा थोरला चुलतभाऊ. "पिक्चर बघताना गेली असं कुणी म्हनायचं न्हाई. दवाखान्यात गेली म्हनायचं. इज्जतीचा सवाल हाय."

दहाव्याला आलेल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं, आणि प्रत्येक जण कोणता दवाखाना म्हणून विचारत होता.

नागाबाईला एकाच तऱ्हेचे पिक्चर आवडायचे. पोरगी बंगल्यातली, पोरगा झोपडीतला. दोघं एका कॉलेजात आणि पुस्तक कुणीच उघडत नाही. पोरीची स्कुटी बंद पडते आणि गावात नेमका तोच एक पोरगा मोकळा असतो. पोरीच्या बापाला मिशा आणि जीप. मग पळापळ, मग मारामारी, शेवटी कुणीतरी मरतं. नागाबाई डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायची, तूर निवडायची आणि रडायची.

"घरी खायला दाना न्हाई म्हनतो, आन केस बघ याचे," देविदास म्हणायचा. "दर आठवड्याला न्हाव्याकडं जात असंल."

"तुम्ही गप ऱ्हावा."

"शेवट ठाऊक हाय तुला. तरी रडतीस कामून?"

"ठाऊक हाय म्हनून तर निवांत रडता येतंय."

ती गेल्यावर वर्ष उलटलं आणि असाच एक पिक्चर करणारी माणसं पुण्याहून गावात आली. घरं बघायचं काम तनुजा नावाच्या पोरीकडे होतं. देविदासच्या स्लॅबच्या घराकडे तिनं नुसती मान हलवली आणि थेट मागे गेली. मागे जुनं पत्र्याचं घर होतं. नागाबाईची चूल तिथं होती आणि ती गेल्यापासून देविदास तिथंच झोपायचा.

"हे मस्त आहे काका. हिरोचं घर. हिरो गरीब आहे, सालगड्याचा मुलगा."

सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या रानात राबणारा. देविदासची स्वतःची काळी जमीन होती, विहीर होती. "म्हंजे आमचं घर सालगड्याचं दिसतंय?"

"तसं नाही हो काका. अस्सल दिसतंय."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. मग वाटलं, नागाबाईच्या दारात शूटिंग आलं असतं तर ती नवं लुगडं नेसून पहाटेपासून उभी राहिली असती. तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी नागाबाईनं जन्मभर सारवून स्वच्छ ठेवलेल्या भिंतीला त्या लोकांनी काजळी फासली, कारण गरिबी कमी पडत होती.

हिरो झालेल्या पोराचा खरा बाप पुण्यातला बिल्डर. त्या पोराला भाकरी मोडायला शिकवण्यात एक दिवस गेला. अंगाला रोज सकाळी माती लावायची आणि संध्याकाळी खास साबणानं काढायची. बंगल्यातली पोरगी झालेली सृष्टी किनवटकडची, जंगलातल्या खेड्यातली, शाळेच्या वसतिगृहात वाढलेली. पिक्चरमधला गरीब एसी गाडीत बसून जेवायचा आणि पिक्चरमधली श्रीमंत पंगतीत बसून वर नर्सिंग संपवून घरी आलेल्या शिवकन्याला ताटं उचलू लागायची. गावच्या बायका मात्र सृष्टीला खुर्ची द्यायच्या आणि त्या पोराला बघून हळहळायच्या, "किती हाल काढतंय लेकरू!"

भारतदादालाही काम मिळालं. पोरीच्या बापाची माणसं हिरोला मारतात त्यात पुढची काठी त्याची. वर एक वाक्य होतं, "आमच्या अंगणात पाय ठेवायची तुझी लायकी न्हाई." भारतदादानं ते पहिल्याच झटक्यात असं काही म्हटलं की डिरेक्टर उठून उभा राहिला.

"काका, इतकं नैसर्गिक कसं काय जमलं?"

"सवय हाय," भारतदादा म्हणाला.

हिरोच्या आईचं काम करणारी बाई ऐन वेळी आली नाही. डिरेक्टर डोकं धरून पत्र्याच्या घरात बसला आणि त्याची नजर भिंतीवर गेली. नागाबाईचा हार घातलेला फोटो. भाचीच्या लग्नातला, खळखळून हसतानाचा. भारतदादानं तो लावू नको म्हणून सांगितलं होतं. फोटोत दात दिसतात, मेलेल्या माणसानं असं हसू नये, असं त्याचं मत.

"आई गेलेली दाखवू," डिरेक्टर म्हणाला. "फोटो तयारच आहे."

तनुजानं येऊन रीतसर विचारलं. "काका, चालेल ना? काकू हिरोच्या आई होतील."

हिरोची आई म्हणजे मोठं काम. आणि थिएटरच्या पडद्यावर नागाबाई. देविदासनं भावकीला विचारलं नाही, पोरीलाही विचारलं नाही. "चालंल," म्हणाला.

पुढं सगळं ट्रेलरनं केलं. ट्रेलरमध्ये तो माती लावलेला पोरगा फोटोसमोर हात जोडतो आणि म्हणतो, "माय, मी तिला घेऊन चाललो." मागे नागाबाई हसतेय. दोन दिवसांत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर हे वाजत होतं.

भारतदादा तणतणत आला. "आपल्या घरची बाई सालगड्याची बायको केली? आन मी तिच्याच पोराला काठीनं हानलं? आधी सांगितलं असतं तर हळू हानलं असतं!"

मागे त्याचा खराखुरा सालगडी दगडोबा उभा होता. तो म्हणाला, "देविदास मालक, म्हंजे आता तुम्ही आमच्यातले झाले. मंग माझा कप बाहेरच्या कोनाड्यातनं आत घ्यायला सांगा तुमच्या भावाला."

"ए, तू बैलं सोड जा," भारतदादा खेकसला. देविदासला हसू आलं. नागाबाई गेल्यापासून पहिल्यांदा आलं.

ते हसू संध्याकाळपर्यंत टिकलं. मग शिरूर अनंतपाळहून दयानंदराव आले. त्यांचा पोरगा सुदर्शन सरकारी नोकरीत होता. त्याचं आणि शिवकन्याचं ठरत आलं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

"देविदासराव, सगळे पाहुणे इचारून राहिले," दयानंदराव चहाला हात न लावता म्हणाले. "नवरीची माय सालगड्याच्या घरची व्हती का म्हने."

"ते पिक्चर हाय हो."

"पिक्चर हाय ते मला कळतंय. मी काय येडा हाय? लोकाला कळत न्हाई ना. लोक म्हनतात, कायतरी असल्याबिगर फोटो कोन लावंल? आन त्या थेटरातलं बी आता निघालंय. दवाखान्यात गेल्या म्हनला व्हता तुम्ही."

देविदासनं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"तुमची पोरगी गुणाची हाय, आमचं काय म्हननं न्हाई. फक्त पिक्चर लागायच्या आत तेवढा फोटो काढा. मंग सुपारी फोडू."

देविदासनं तनुजाला फोन लावला. ती म्हणाली, फोटो काढता येणार नाही, पण चेहरा धूसर करता येईल, कोण आहे ते कुणाला कळणार नाही. "सोपं काम आहे काका. तुम्ही म्हणत असाल तर आजच करते."

आता कुणावर ढकलायची सोय राहिली नाही. हो म्हटलं तर नागाबाईच्या तोंडावर ढग, नाही म्हटलं तर पोरीची सोयरीक जाणार.

शिवकन्या भाकऱ्या करत होती. तो चुलीपाशी बसला आणि घसा साफ करून म्हणाला, "पोरी, तुझ्या सुखासाठी मी माझ्या काळजावर दगड ठेवून..."

"पप्पा, डायलॉग मारू नका. काय झालं ते सांगा."

त्यानं सांगितलं.

शिवकन्यानं भाकरी उलटली. "सुदर्शनचा फोन आला व्हता. ट्रेलर बघून रडले म्हने ते. स्टेटस ठेवलाय, खऱ्या प्रेमापुढं गरीब-श्रीमंत काय नसतं म्हनून. मी म्हनलं, मंग तुमचं मत काय फोटोचं? तर म्हनले, पप्पाला इचारून सांगतो."

"मंग तुझं मत काय?"

"मायला मी मधल्या वाटेत पालथी-उताणी केलती, सगळे बघत व्हते. तवा कुनी तिचं तोंड झाकलं न्हाई. आता हसतीया तर झाकायचं?" तिनं तवा खाली उतरवला. "पर तुम्ही मला पुढं करू नका. तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही करा."

देविदासनं बाहेर जाऊन तनुजाला फोन लावला. "राहू द्या," म्हणाला. "हाय तसा राहू द्या."

दयानंदरावांना कळवलं तर ते नुसतं "बघू" म्हणाले.

पिक्चर लागला. पहिल्याच दिवशी भावकी दोन जीप करून नांदेडला गेली, कारण भारतदादाची काठी बघायची होती. इज्जतीचा सवाल भारतदादा गावातच ठेवून आला होता. थिएटर तेच होतं. देविदास आणि शिवकन्या शेवटच्या रांगेत बसले.

पिक्चर जसा असतो तसाच होता. स्कुटी बंद पडली, पोरगा मोकळा होता, बापाला मिशा होत्या. मध्यंतराच्या थोडं आधी पत्र्याचं घर आलं, आणि मग नागाबाई आली. सगळ्या पडद्याएवढी. दातांसकट हसणारी. पोरगा हात जोडून "माय" म्हणाला आणि अख्खं थिएटर मुसमुसायला लागलं. भारतदादाची बायको मोठ्यानं रडली. भारतदादा उपरण्याला नाक पुसत होता. आपण पुढच्या भागात याच पोराला काठीनं मारणार आहोत, हे तो विसरला असावा.

देविदास रडला नाही. नागाबाई थिएटरात आणि तो तिच्यासोबत, हे पहिल्यांदाच. ती काही बोलेल म्हणून तो बघत राहिला, पण तेवढ्यात पडद्यावर स्कुटी आली.

दिवे लागले. शिवकन्या समोसे आणायला उठली नाही. तिनं पुढच्या एका रांगेकडे बोट केलं. "तिथं."

तिथं एक नवराबायको पॉपकॉर्न खात बसले होते. देविदासनं थोडा वेळ बघितलं. "चल," म्हणाला. दोघं बाहेर आले.

पायऱ्या उतरताना दयानंदरावांचा फोन आला. त्यांनी लातूरला सकाळचा खेळ घरच्यांसकट बघितला होता. आवाज अजून ओला होता.

"देविदासराव, काय पिक्चर हाय हो! लई रडलो. आमची मंडळी तर जेवली न्हाई. त्या पोरीच्या बापाला चौकात उभा करून फोडला पाहिजे. पैशापायी लेकरांचा जीव घ्यायचा म्हंजे काय? माणुसकीच राहिली न्हाई."

"हाव."

"तुमच्या मंडळींचा फोटो बी लई भारी आलाय. हसरा." मग त्यांनी खाकरून घेतलं. "ते सोयरिकीचं तेवढं राहू द्या आता. तुम्ही दुसरं बघा. आमचे पाहुणे ऐकत न्हाईत."

"बरं," देविदास म्हणाला.

"राग मानू नका."

"न्हाई. शेवट ठाऊक व्हता."

शिवकन्यानं विचारलं, "काय म्हनले?"

"लई रडले म्हने."

"आन?"

"आन सोयरीक मोडली."

शिवकन्यानं ओढणी तोंडाला लावली. ती रडतेय की हसतेय हे देविदासला आधी कळेना. हसतच होती. मग डोळे पुसून म्हणाली, "चहा घेऊ."

दोघं समोरच्या टपरीवर चहा घेत बसले. पिक्चर सुटला तशी भावकी लाल डोळ्यांनी बाहेर आली. भारतदादा सगळ्यात पुढं होता. "माझी काठी बघितली का?"

"न्हाई दादा."

"न्हाई? आरं, लोकांनी मला शिव्या घातल्या! मागच्या बाईनं तर चप्पल दाखवली. येवढं भारी काम झालंय." मग आवाज खाली करून म्हणाला, "दयानंदरावांचं काय?"

"न्हाई म्हनले."

"मी म्हनलंच व्हतं," भारतदादा म्हणाला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. फोटो त्याच भिंतीवर आहे, भिंतीवरची काजळीही तशीच आहे. शिवकन्यासाठी दुसरं स्थळ बघायचं राहिलं आहे. आणि नागाबाई त्या दिवशी जो पिक्चर बघायला गेली होती, तो देविदासनं मोबाइलवर मध्यंतरापर्यंत बघितला, त्यापुढचा भाग अजून बघितलेला नाही.