कोरडं वजन

सकाळच्या पाळीची खुर्ची मिळाली, तर वर्षाला एकशे छप्पन्न दुपारी हाती लागणार होत्या. आठवड्याला तीन, असे बावन्न आठवडे. हा हिशेब इन्स्पेक्टरसाहेबांनी डायलिसिसच्या मशीनला जोडलेले असताना, छताकडे बघत केला होता आणि तो बरोबर होता. साहेबांचे हिशेब बरोबरच असत. चुकायचं ते दुसरंच काहीतरी.

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. ते दारात दिसले की दुकानदाराचं बोट आपोआप काट्यावरून उचललं जाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मूत्रपिंडांनी काम थांबवलं. तेव्हापासून सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बारा ते चार त्यांचं रक्त मशीनमधून धुऊन निघत होतं. त्यांची लेक पोस्टात होती. ती तीनला सुटायची, आईवडलांकडे यायची आणि पाचला आपल्या घरी जायची. साहेब साडेचारला घरी पोचत ते थेट पलंगावर पडत. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस लेक यायची आणि झोपलेल्या बापाचं पांघरूण सारखं करून जायची. सकाळची खुर्ची मिळाली तर बाराला घरी, तीनपर्यंत झोप, आणि तिला जागा बाप.

खुर्ची मोठ्या सिस्टरच्या हातात होती. सकाळची पाळी वेळेवर उठलीच पाहिजे, कारण दुपारचे लोक दाराशी उभे. म्हणून ज्याच्या अंगात कमी पाणी साठतं आणि ज्याचे रिपोर्ट तीन महिने चांगले येतात, त्यालाच ती मिळायची. प्रत्येकाचं एक कोरडं वजन ठरलेलं असे: जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते. साहेबांचं एकसष्ट किलो. त्याच्या वर जे भरेल ते पाणी समजायचं आणि मशीनने ओढून घ्यायचं.

काटा दाराशीच होता, आणि कोरड्या वजनाच्या वरचा आकडा सिस्टर मोठ्याने पुकारत.

"चार किलो सहाशे!" समोरच्या खुर्चीवरचा ट्रक ड्रायव्हर काट्यावरून उतरला. "दादा, विहीर प्यायलात का?"

"घोटभर चहा घेतला, सिस्टर."

"घोट की टाकी?"

"टाकीला झाकण असतं. मला देवाने दिलं नाही."

मग साहेबांचा नंबर. "एक किलो शंभर. बघा, शिका काहीतरी."

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही पाणी पिता, की पाण्याचा फोटो बघता?"

"तुझ्यासारख्यांचे ट्रक मी काट्यावर अडवलेत," साहेब म्हणाले. "ओव्हरलोड दुरूनच ओळखू येतो."

ड्रायव्हर मोठ्याने हसला. मशीनला जोडायला त्याच्या मानेत बसवलेली नळी हलली आणि सिस्टर त्याच्यावर ओरडल्या.

घरी बायकोने कंबर कसली होती. पाण्याची बाटली सकाळी भरायची, रात्रीपर्यंत तीच पुरवायची. भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं. आधी साहेब कुरकुरायचे, "काय हे, धुतलेला कागद खातोय जसा." दुसऱ्या महिन्यात कुरकुर थांबली. ताटातलं अर्धं राहू लागलं. अंडं तर समोर आलं की तोंड फिरवायचे.

"अहो, दोन घास तरी घ्या."

"अगं, भूकच नाही. बरंच आहे की. जेवढं आत कमी, तेवढं काट्यावर कमी."

तिलाही ते पटलं. आकडे तसंच सांगत होते. आठशे ग्रॅम, सातशे ग्रॅम. रक्तातला फॉस्फरस उतरला, युरिया उतरला. डॉक्टर फाईल चाळताना म्हणाले, "छान! घरी कोण बघतं?" साहेबांनी दाराशी बसलेल्या बायकोकडे बोट केलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती. चार लोकांत तिचं कौतुक करायची ही त्यांची पहिलीच वेळ. त्या आठवड्यात तिने त्यांच्या दोन पँट कमरेत आत घेतल्या आणि शेजारणीला सांगितलं, "पोट गेलं बघा त्यांचं. तरुण दिसतात."

आक्षेप घेतला तो एकट्या आहारतज्ज्ञ मुलीने. नोकरीला लागून तिला चारच महिने झाले होते. साहेबांचं घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरताना तिने पाहिलं.

"काका, जेवण किती कमी झालंय?"

"हवं तेवढं."

"तुमच्या रक्ताची एक जादा तपासणी करू या. सीआरपी. शरीरात कुठे आतल्या आत आग धुमसत असली की तो आकडा चढतो. भूक त्यानेच जाते आणि मांस झडतं. अल्ब्युमिनही बघू, म्हणजे रक्तातलं प्रथिन, ते अशा वेळी खाली येतं."

"माझं वजन एकसष्टच आहे. झडलं असतं तर काट्याने सांगितलं असतं."

"काटा फक्त किती ते सांगतो, काका. काय ते नाही सांगत."

साहेबांना हे झोंबलं. काट्याबद्दल त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. "हे बघ, पोरी. तिसरा महिना संपायला बारा दिवस उरलेत. तुझा आकडा वाईट निघाला तर माझ्या फाईलला लागेल. खुर्ची मिळू दे, मग बाटलीभर रक्त काढ."

ती सिस्टरकडे गेली. सिस्टर दोन मशीनच्या मधे उभ्या, एका हातात पट्टी, दुसऱ्यात फोन. "अगं, या हॉलमध्ये एकच माणूस मला त्रास देत नाही, त्याच्याच मागे लागलीस? ते समोरचं धूड बघ आधी."

ते समोरचं धूड त्या दिवशी हुडहुडी भरून कापत होतं. ड्रायव्हरचे दात वाजत होते. "सिस्टर, इंजिन थंडीत सुरू होत नाहीये," इतकंच तो बोलला. त्याचं रक्त लगेच तपासायला गेलं. सीआरपी जिथे पाचच्या आत हवा, तिथे एकशे चाळीस. मानेतल्या नळीत जंतू होते. नळी काढली, दुसरीकडे घातली आणि त्याला तीन आठवडे वॉर्डात ठेवलं. अल्ब्युमिन तेवढं ठीक होतं. खाण्यात त्याने कधी कसूर केली नव्हती.

बारा दिवसांनी साहेबांना सकाळची खुर्ची मिळाली. सिस्टरनी स्वतः नवी चादर घातली. लेकीने पोस्टात शेजारच्या काउंटरवरच्या बाईला सांगून दहा मिनिटं लवकर निघायची सोय केली. पहिल्या दुपारी ती आली तेव्हा साहेब खुर्चीत बसून झोपले होते. दुसऱ्या दुपारी जागे होते, पण बोलता बोलता मान पडली. तिसऱ्या आठवड्यात आडवं झालं की दम लागू लागला. पाय सुजून गच्च झाले.

आणि काटा म्हणत होता एकसष्ट.

डॉक्टरांनी बोटाने पाय दाबला, खळगा पडला तो भरेचना. त्यांनी फाईल पुन्हा पाहिली आणि या वेळी छान म्हणाले नाहीत. चार महिन्यांत साहेबांचं सात किलो मांस गेलं होतं आणि त्या जागी सात किलो पाणी बसलं होतं. वजन जसंच्या तसं. फॉस्फरस उतरला होता कारण माणूस खात नव्हता. सीआरपी एकशे अठरा आला, अल्ब्युमिन चारच्या आसपास हवं, तिथे जेमतेम दोनच्या वर. आग सापडली ती डाव्या हातात: मशीनला जोडायला पहिली घातलेली प्लास्टिकची नळी, वर्षापूर्वी बंद पडलेली आणि तिथेच राहू दिलेली. दुखत नव्हती, म्हणून तिची कोणी विचारपूस केली नव्हती. कापली तर आत पू.

"काढली एकदाची," साहेब शुद्धीवर आल्यावर म्हणाले. "आता किती भरलं?"

"चौपन्न, बाबा. पाणी सगळं ओढून काढलं," लेक म्हणाली.

"काटा चुकतोय," ते म्हणाले. ऑपरेशननंतर नवव्या दिवशी ते गेले.

नंतर बायको फाईल घ्यायला आली. आहारतज्ज्ञ मुलगी तिला बाहेरच्या बाकावर घेऊन बसली.

"मी उपाशी ठेवलं का गं त्यांना?"

"नाही, काकू. भूक त्या नळीने मारली. तुम्ही जे सांगितलं तेच केलंत."

"सांगितलं ते तर सगळं केलं," बायको म्हणाली. "जास्तच केलं."

दाराशी ड्रायव्हर काट्यावर चढत होता. "चार किलो!" आतून आवाज आला. त्याने काकूंना पाहिलं आणि पुढचा विनोद गिळला.

आता गोळाबेरीज. साहेबांना एकशे छप्पन्नपैकी दहा दुपारी मिळाल्या. त्यांतल्या जाग्या अवघ्या दोन, दोन्ही मिळून तासभर. त्यासाठी त्यांनी आधी सात किलो दिले आणि मग उरलेले चौपन्न. सिस्टरना एक रिकामी चादर पडली आणि ज्याचे रिपोर्ट अचानक सुधारतील त्याचा सीआरपी आधी तपासायचा नवा नियम. डॉक्टरांना काही पडलं नाही. ड्रायव्हरला एक नळी पडली आणि तो फायद्यात राहिला. लेक अजून दहा मिनिटं लवकर सुटते आणि आईसमोर बसते. आई तिला वाढते, पुन्हा वाढते, ताट पुसून निघेपर्यंत उठू देत नाही. लेक भूक नसताना खाते. उरलेलं सगळं त्या दोघी भरताहेत.